उगीमावशीचा मुद्देमाल

आमच्या वन्संना आवाज नाही असं नाही, पण त्यांनी तो कधी वापरलाच नाही. मी या घरात आले तेव्हापासून बघतेय. दूध उतू जात असलं तरी त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन हळूच म्हणणार, "वहिनी, दूध." तोवर दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून माझ्या पायावर. माझं सगळंच उलटं. मी गच्चीवर बोलले की तळमजल्यावरची माणसं उत्तर देतात. आमचे हे म्हणतात, घरात बायका दोन आणि आवाज एकीलाच, तोही दोघींचा मिळून.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळा जन्म बाळंतिणींच्या दवाखान्यात आया म्हणून काढला. तिथे त्यांना सगळे उगीमावशी म्हणायचे. कसलंही रडकं बाळ असो, आकांत मांडून काळंनिळं पडलेलं असो, वन्सं त्याला उचलायच्या, त्याचं तोंड आपल्या मानेशी घ्यायच्या, पाठीवर तळवा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "उगी, उगी." शेजारच्या खाटेवर ऐकू जाऊ नये इतकं हळू. पण बाळाला जायचं. खरं सांगते, नळ बंद करावा तसं रडं बंद व्हायचं. माझ्या बाळंतपणात मी तो अख्खा मजला डोक्यावर घेतला होता. नर्स ओरडली, डॉक्टर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले. मग वन्सं आल्या, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उगी, वहिनी, उगी." मी गप्प. मला गप्प करणारी जगात तेवढी एकच बाई झाली.

आणखी एक सवय होती त्यांची. घरी जायच्या दिवशी बाळाला फाटकापर्यंत त्याच घेऊन जायच्या. आईच्या मांडीवर ठेवायच्या आणि लगेच पाठ फिरवायच्या. गाडी सुटेपर्यंत थांबणं नाही, हात हलवणं नाही. मी एकदा म्हटलं, "काय हो वन्सं, जरा बघावं तरी जाताना." तर म्हणाल्या, "बघत राहिलं की बाळ आपलं वाटायला लागतं."

मग त्या निवृत्त झाल्या आणि घरी बसल्या. आता बसल्या म्हणजे काय, घरातल्या घरात झोपेत चालावं तशा चालायच्या. एकच टॉवेल दोनदा घडी करायच्या. दुपारी बाहेरच्या खोलीत कॉटवर उताण्या पडायच्या, डोळे उघडे, आणि उजवा हात छातीवर हळूहळू थोपटत असायचा. छातीवर काहीच नसायचं. मला ते बघवेना.

"अहो, कुणाला थोपटताय?"

"कुणाला नाही."

"मग हात थांबवा की."

थांबवायच्या. मी आत वळले की पुन्हा सुरू.

अशातच ती डॉक्टरीणबाई आली. माणसांची नव्हे, जनावरांची. विमानतळामागे जुन्या पार्सल गोदामात जप्त केलेली जनावरं ठेवायचं सरकारी केंद्र आहे, तिथली. तिचं पहिलं मूल आमच्या वन्संच्याच दवाखान्यात झालं होतं आणि तिसऱ्या दिवशी त्याला वन्संनीच शांत केलं होतं, एवढी ओळख. खुर्चीच्या कडेवर बसून ती म्हणाली, "मावशी, एक पिल्लू आलंय. बाटली घेत नाही. कुणाच्या हातात राहत नाही. असंच चाललं तर हा आठवडा काढणार नाही. येऊन बघाल का?"

"कसलं पिल्लू?" मी विचारलं.

"गिबनचं."

"म्हणजे माकड?"

"माकड नाही हो. शेपूट नसतं यांना."

बरं बाई, शेपूट नाही तर नाही. वन्संनी तोवर पायांत चपला सरकवल्या होत्या.

त्या गोदामात मीही गेले, कारण वन्संना एकटं कुठे सोडलं की त्या रिक्षावाल्यालाही हाक मारत नाहीत. लांबलचक शेड, वर पत्रे, आत जाळीच्या खोल्या. एका खोलीत कासवांनी भरलेली टोपली, एका खोलीत पिसं झडलेले पोपट. शेवटच्या खोलीत कोपऱ्यात टॉवेलच्या बोळ्यामागे ते बसलं होतं. मूठभर अंग, काळं तोंड, तोंडाभोवती पांढऱ्या केसांची कड, आणि हात एवढाले लांब की स्वतःलाच दोनदा मिठी मारून बसलेलं. अंगात फ्रॉक. गुलाबी, झालरीचा, बाळांच्या दुकानातला. दुकानाची चिठ्ठी बगलेत तशीच लोंबत होती.

"हे कुणी घातलं?" मी म्हटलं.

"सापडलं तेव्हा अंगात होतं. असंच विकतात. फ्रॉक घालून फोटो काढायचे, गिऱ्हाइकाला पाठवायचे. दूरच्या जंगलातून धरतात, तीन देश ओलांडून कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोचवतात." एका माणसाच्या बॅगेत, कापसाच्या अस्वलांच्या आणि सशांच्या ढिगात हे निजवलेलं होतं म्हणे. झोपेचं औषध पाजून. बॅग तपासायच्या यंत्रात एका सशाला हाडं दिसली, म्हणून कळलं. माणूस सापडला, तो म्हणतो मी फक्त बॅग नेणारा. पाठवणारा भलत्याच देशात, मागवणारा तिसऱ्याच. खटला चालू आहे, आणि खटला संपेपर्यंत हे पिल्लू मुद्देमाल. जाळीवर तशी पाटीच होती, मुद्देमाल आणि पुढे आकडा.

वन्सं त्या पाटीकडे बघत राहिल्या. दवाखान्यात प्रत्येक बाळाच्या मनगटाला पट्टी असते, त्यावर आईचं नाव. वर्षानुवर्षं त्यांनी बाळं तशीच ओळखली, अमकीचं बाळ, तमकीचं बाळ. त्यांनी सवयीनं विचारलं, "आईचं नाव काय?"

डॉक्टरीणबाई म्हणाली, "मावशी, यांची आई पिल्लाला जिवंत असेपर्यंत सोडत नाही. म्हणून आधी तिला गोळी घालतात. ती झाडावरून पडते, पिल्लू तिला धरून पडतं. जगलं तर उचलतात. एक पिल्लू इथवर पोचतं त्यामागे किती मेलेली असतात, ते कुणी मोजलेलं नाही."

वन्सं आत गेल्या. जमिनीवर बसल्या, त्याच्याकडे न बघता. अंगात त्यांचा जुना करडा लोकरीचा स्वेटर होता, कोपरावर विरलेला. बराच वेळ काही नाही. मग एक काळा हात आला आणि त्यानं लोकर धरली. मग दुसरा. मग दोन्ही पाय, त्यांनाही बोटं, त्यांनीही धरली. वन्संनी पाठीवर तळवा ठेवला आणि फ्रॉकची बटणं एकेक करून काढली.

"उगी," त्या म्हणाल्या. "उगी, बाळा, उगी."

त्या दिवशी तिनं बाटली घेतली. ती म्हणजे ते पिल्लू. मुलगी होती.

आता वन्संची नोकरी अशी की अंधार असतानाच केंद्रावर जायचं, पिल्लाला स्वेटरला चिकटवून घ्यायचं, आणि दिवसभर झाड होऊन राहायचं. संध्याकाळी दुसरी बाई यायची, ती तोच स्वेटर अंगात घालायची. रविवारी उसवलेलं शिवायला स्वेटर तासाभरासाठी घरी यायचा, पण तो धुवायचा नाही. वास गेला तर पिल्लू ओळखणार नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो स्वेटर! मी ओरडून घेतलं. गॅलरीत टांगला, पिशवीत बांधला, ह्यांच्या नाकाखाली नेऊन धरला. "हे बघा तुमच्या बहिणीचं अत्तर!" हे म्हणाले, "ताई आता टॉवेलच्या घड्या घालत नाही, बघितलंस का?" बघितलं होतं मी. म्हणून तर नुसती ओरडत होते.

डबा द्यायच्या निमित्तानं मी जायला लागले आणि कशी अडकले ते माझं मलाच कळलं नाही. सकाळचं ते गोदाम म्हणजे दुसरंच जग होतं. बाहेर धुकं, धुक्यात धावपट्टीचे दिवे पाण्यात ठेवल्यासारखे. पत्र्यावर दव टपटपायचं. कुठलं तरी विमान डोक्यावरून गेलं की सगळं गोदाम अंगात थरथरायचं आणि मग पुन्हा शांत, इतकं शांत की कासवांच्या टोपलीतली खरखर ऐकू यावी. त्या शांततेत वन्सं जमिनीवर बसलेल्या, आणि त्यांच्या गळ्याशी ते काळं तोंड. गेटवरचा दादा पहिल्यांदा हसायचा, "उगीमावशी, मुद्देमाल झोपला का?" नंतर तोही चपला काढून आत यायला लागला. मी तिथे बसले की मला पेंग यायची. जागेपणी स्वप्न पडावं तसं व्हायचं. ती जाळी, ते दोर, सगळं हळूहळू वर उंच जायचं, पाना-फांद्यांचं व्हायचं.

एकदा तिनं माझं बोट धरलं. एवढंसं तळहाताचं कातडं, माणसासारखं सुरकुतलेलं. मी लगेच म्हटलं, "अगं सोड, मला स्वयंपाक आहे." पण हात मीच सोडवला नाही.

वन्संना स्वप्नं पडायला लागली होती. चहा घेताना सांगायच्या. "वहिनी, काल मी फार उंच झाडावर होते. खाली धुकं. माझे हात इतके लांब झालेले की पलीकडची फांदी सहज येत होती हातात. आणि भीती म्हणून नाही."

"तुम्हाला स्टुलावर चढून बल्ब बदलायची भीती वाटते."

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि हसल्या. आमच्या घरात त्या इतक्या सहज कधी हसल्या नव्हत्या.

आता जे झालं ते नीट सांगायला हवं. उजाडायच्या सुमारास ते पिल्लू रोज एक गोष्ट करायचं. स्वेटरमधून तोंड वर काढायचं, ओठांचा चंबू करायचं आणि बारीक आवाजात म्हणायचं, "हूऽ." लहान मुलानं फुंकर मारावी एवढाच आवाज. आणि दर वेळी, दर सकाळी, वन्संचा तळवा पाठीवर यायचा, तोंड पुन्हा लोकरीत जायचं. "उगी, उगी." त्यांना वाटलं आईची आठवण आली, रडतंय. दुसरं काय वाटणार? हळूहळू ते हू कमी झालं. मग बंद झालं. वन्सं अभिमानानं डॉक्टरीणबाईला म्हणाल्या, "आता बघा, सकाळीसुद्धा आवाज करत नाही. किती शहाणी झालीय."

डॉक्टरीणबाई सुट्टीवरून आली होती. तिच्या हातातली बाटली तशीच राहिली. "आवाज करत नाही म्हणजे? सकाळी अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"अहो मावशी, ते रडणं नव्हतं. ते गाणं होतं."

मग तिनं फोनवर ऐकवलं. कुठल्या तरी जंगलातली पहाट. आधी नुसती पानं. मग एक बारीक हूऽ, लांबवलेला. मग दुसरा, थोडा वर. मग आणखी वर, आणखी वर, जिना चढत जावं तसा, आणि अगदी वरच्या पायरीवर जाऊन तो आवाज थरथरत फुटला आणि सगळीकडे पसरला. दुरून दुसऱ्या कुणी उत्तर दिलं. मी अंगावर काटा काय असतो ते त्या दिवशी बघितलं, माझ्या हातावर.

आई रोज उजाडताना असं गाते आणि मुलगी तिच्या बरोबरीनं तोडकंमोडकं गाते, तशीच शिकते, डॉक्टरीणबाईनं सांगितलं. गाण्यावरच त्यांचं सगळं. आपलं झाड कुठलं ते गाऊन सांगायचं, जोडीदार गाऊनच मिळवायचा. न गाणाऱ्याला जंगलात जागा नाही. पिल्लाच्या मूळ देशात जंगलाला लागून अशा सोडवून आणलेल्या पिल्लांसाठी जागा आहे, हळूहळू त्यांना रानात सोडतात. खटला संपायची वाट न बघता तिला तिकडे पाठवायला कोर्टानं परवानगी दिली होती, तिथली माणसं महिन्याभरात बघायला यायची होती. पण ते फक्त जंगलात टिकेल असंच पिल्लू नेतात. गाणारं, आणि माणसामागे न धावणारं. "नाही नेलं तर?" मी विचारलं.

"तर आयुष्यभर पिंजरा. कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयात. चाळीस-चाळीस वर्षं जगतात हे."

वन्सं घरी येऊन कॉटवर बसल्या. डबा उघडला नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कुठे माहीत होतं?" तर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, त्या लोकांनी तिला औषध पाजून गप्प केलं. मी मायेनं केलं. फरक काय?"

"फरक काय म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी ओरडलेच. त्या रात्री त्यांना पुन्हा ते झाड दिसलं. पलीकडच्या डोंगरावरून कुणीतरी हाक मारत होतं आणि त्या म्हणाल्या, उगी. आणि सगळं जंगल गप्प झालं. सकाळी सांगितलं त्यांनी, चहा न घेताच.

डॉक्टरीणबाईनं स्पीकर आणला आणि ते गाणं लावलं. पिल्लू भेदरून स्वेटरच्या आत शिरलं, खालून शिरून गळ्यातून डोकं काढलं, आणि बघितलं कुणाकडे? वन्संच्या तोंडाकडे. स्पीकर बंद केला तरी ते तोंडाकडेच बघत होतं.

"मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाली, "तिची आई तुम्ही आहात. तुम्ही गायलात तर कदाचित."

झालं! ज्या बाईनं जन्मात हाक मारली नाही तिनं आता झाडाच्या शेंड्यावरून ओरडायचं. घरी तालीम सुरू झाली. वन्सं खिडक्या लावून घ्यायच्या, पदर तोंडाशी घ्यायच्या आणि गरम चहावर फुंकर घालावी तसं म्हणायच्या, "हू." मी म्हटलं, "हे काय? डासालासुद्धा ऐकू जाणार नाही. हे असं!" आणि मी दाखवलं. जिना चढत चढत वरच्या पायरीपर्यंत. कपाटातली भांडी वाजली. खालचे मास्तर धावत वर आले, "काय झालं? कोण पडलं?" ह्यांनी दार उघडून सांगितलं, "कुणी नाही. बायका गातायत." मास्तरांनी आत वाकून बघितलं, दोघी उभ्या, तोंडाचे चंबू केलेले. ते उलट्या पावली खाली गेले आणि त्यांच्या खिडक्या लागल्याचा आवाज आला.

वन्संचा आवाज मात्र निघेना. गळ्यापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा. "मला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "एवढ्या वेळा गप्प केलं सगळ्यांना. आता मीच कशी ओरडू?"

उपाय विमानानं केला. पहाटे एक मालवाहू विमान गोदामावरून अगदी कमी उंचीवरून जायचं. ते डोक्यावर आलं की माझा आवाजसुद्धा मला ऐकू येत नसे. वन्संनी ठरवलं, तेवढ्यात गायचं. कुणालाच ऐकू जाणार नाही. रोज ते विमान आलं की त्या पिल्लाला छातीशी धरून उभ्या राहायच्या, मान मागे टाकायच्या, तोंड उघडायच्या. आम्हाला फक्त उघडं तोंड दिसायचं. पिल्लूही बघायचं, एकटक.

एक दिवस धुकं फार दाट होतं. जाळीपलीकडचं काही दिसत नव्हतं. विमान आलं, पत्रे थरथरले, वन्संनी तोंड उघडलं. मी पायरीवर बसले होते, नेहमीप्रमाणे पेंगत. विमान गेलं. आवाज विरत विरत गेला, आणि तो सगळा गेल्यावर मागे एक आवाज राहिला. बारीक, चिरकलेला, पण चढत होता. मला आधी कळलंच नाही कुठून येतोय. मग बघते तर वन्सं. डोळे मिटलेले, विमान गेल्याचं त्यांच्या गावीच नाही. जिना चढत गेल्या, चढत गेल्या आणि वर जाऊन फुटल्या. धुक्यातून तो आवाज कुठल्या कुठे गेला. गेटवरचा दादा हातात कमरेचा पट्टा धरून तसाच उभा. पोपटसुद्धा गप्प. आणि त्या पिल्लानं लांब हात वर नेला आणि आपलं एक बोट वन्संच्या उघड्या तोंडात घातलं. आतमध्ये काय आहे ते बघावं तसं.

मी रडले. सांगायला लाज कसली? भरपूर रडले.

पण पिल्लू गायलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही नाही. वन्सं रोज गायच्या, आता विमानाची वाटही बघत नव्हत्या. ते तोंडाकडे बघायचं, ओठांचा चंबू करायचं आणि मग स्वतःच तोंड लोकरीत खुपसायचं. गप्प व्हायचं ते आता वन्संनी न सांगता व्हायचं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आता अंगावरून उतरवायला हवं. माणसं यायची वेळ जवळ आली. उंच जाळीच्या खोलीत दोर बांधले, फांद्या टांगल्या, स्वेटर वरच्या फळीवर ठेवला आणि पिल्लाला तिथे सोडलं. स्वेटर तिथे, वन्सं बाहेर, पाठ करून. तिनं आधी किती आकांत केला असेल म्हणता? नाही केला. गप्प बसली, स्वेटर गुंडाळून. तेच वाईट होतं. काही दिवसांनी दोरावर झोके घ्यायला लागली, फांदीवरून फांदीवर जायला लागली, पण मुकी.

माणसं आली तो दिवस. दोघंजण, लांबच्या प्रवासानं डोळे सुजलेले. त्यांना उजाडताना पिल्लाजवळ डॉक्टरीणबाईशिवाय कुणी नको होतं. वन्सं आणि मी शेडच्या भिंतीमागे, पाण्याच्या टाकीशेजारी. वन्संनी दुसरा पातळ स्वेटर घातला होता, त्यात त्या फार लहान दिसत होत्या. डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं, "मावशी, काहीही झालं तरी आवाज करायचा नाही. तिला तुम्ही इथे आहात हे कळलं तर ती तुमच्याकडे धावेल. आणि तसं दिसलं तर ते नेणार नाहीत."

उजाडायला लागलं. टाकीतून थेंब पडत होते. विमान येऊन गेलं. काही नाही. मी भिंतीच्या फटीतून बघत होते. ते दोघं हाताची घडी घालून उभे, त्यातल्या एकानं दुसऱ्याकडे बघून मान हलवली, नाही अशी. वन्संना दिसत नव्हतं, पण माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असणार. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे." इतकं हळू की ओठच दिसले.

आणि तेव्हा आलं. "हूऽ."

मला वाटलं वन्संच. बघितलं तर त्यांचं तोंड मिटलेलं. पुन्हा आलं, थोडं वर. पिल्लू दोराच्या अगदी वरच्या टोकाला, एका हातानं लटकलेलं, तोंड धुक्याकडे. पायरी चढलं, अडखळलं, थांबलं. थांबून तिनं मागे वळून बघितलं. मला समजलं ती काय बघतेय. पाठीवर तळवा येतोय का ते. कुणी आलं नाही. कुणी उगी म्हटलं नाही. मग ती पुन्हा सुरू झाली, पहिल्या पायरीपासून, आणि या वेळी थांबली नाही. चढत गेली. अगदी वर गेल्यावर तिचा आवाज चिरकला, तसाच, जसा वन्संचा चिरकायचा, आणि मग फुटून पसरला. ते दोघे परदेशी जागच्या जागी ताठ झाले. डॉक्टरीणबाईनं पाठीमागे हात नेऊन आमच्या दिशेला मूठ हलवली. नेणार होते. झालं होतं काम.

पण गाणं तिथे संपत नाही ना. गायल्यावर पलीकडून उत्तर यायला हवं. ती लटकत राहिली, डोकं एका बाजूला कलतं करून, ऐकत. मग पुन्हा एक हाक दिली, लहान, प्रश्न विचारावा तशी. आईनं उत्तर द्यायची ती जागा होती. वन्संचा गळा हलायला लागला. त्यांची मान मागे गेली, तोंड उघडलं, त्या छातीत आवाज भरलेला मला दिसत होता. इतका मोठा आवाज, जन्मभराचा. फक्त सोडायचा बाकी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी नुसतं वाहत होतं. ती तिकडे तिसऱ्यांदा हाक मारत होती.

मी त्यांचं डोकं ओढून माझ्या मानेशी घेतलं. पाठीवर तळवा ठेवला. मला हळू बोलता येत नाही, कधीच आलं नाही, पण त्या दिवशी आलं.

"उगी, वन्सं," मी म्हटलं. "उगी, उगी."